ऑल-इनचा हिशेब समजून घ्यायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवरील बंदीबद्दल आपल्या वाचकपत्रांच्या सदरात चर्चा चालू आहे, ती मी नेमाने वाचते. त्यात एका वाचकाने लिहिलं होतं की पोकरच्या स्पर्धेत पोरं ‘ऑल-इन’ जातात म्हणजे डोळे मिटून होतं नव्हतं ते सगळं लावतात. धर्मराजाने द्यूतात केलं तेच बंदीआधी मोबाइलवर चाललं होतं, असं त्यांचं म्हणणं. पत्रामागची कळकळ मला पटली. वर्णन मात्र चुकीचं आहे. आणि ते चुकीचं असल्यामुळे धोका खरा जिथे आहे तिथे कुणाचंच लक्ष जात नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण आकडे तेवढे राहू द्यावेत ही विनंती.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या घरी पत्ते निघायचे ते दिवाळीच्या सुट्टीत, तेही मेंढीकोट आणि बदाम सात. पोकर मला कळला तो भाच्यामुळे. तो पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. ऑगस्ट २०२५ पर्यंत रविवारी संध्याकाळी कमी प्रवेश फीच्या स्पर्धा खेळायचा आणि अडलेले डाव चौकटीच्या वहीत उतरवून माझ्याकडे आणायचा. “मावशी, इथे मी कॉल केला आणि हरलो. पण कॉल बरोबर होता का ते सांग.” (कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढंच आपणही लावून डावात राहणं.) हरल्यावर ‘माझं नशीबच फुटकं’ न म्हणता ‘बरोबर होतं का’ विचारणारा विद्यार्थी शिक्षकाला क्वचित भेटतो. त्या प्रश्नापायी मी या विषयात शिरले.

आधी खेळ थोडक्यात: प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच उघडी पानं, आणि त्यांतून ज्याची जुळणी वरचढ त्याचा डाव. आता साधी गोष्ट. स्पर्धेतल्या चिप्स, म्हणजे डावात लावायच्या चकत्या, हे पैसे नव्हेत. भाचा ५५० रुपये भरायचा. त्यातले ५०० बक्षिसांत जायचे, ५० चालवणाऱ्याला. बदल्यात २०,००० चिप्स मिळायच्या. त्या मध्येच मोडून घरी नेता येत नाहीत आणि संपल्या तर खिशातून आणखी काही जात नाही. म्हणजे स्पर्धेत ऑल-इन जाणारा समोरच्या चिप्स पुढे सारतो, घरदार नाही. धर्मराजाला कुठे थांबायचं याची हद्दच नव्हती. इथे ती बसतानाच आखलेली असते. (ती पुढे कशी ओलांडली जाते, ते नंतर लिहिते. खरी गोम तिथेच आहे.)

मग सगळ्या चिप्स लावायची वेळ येतेच का? कारण ‘ब्लाइंड’, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीने भरावी लागणारी रक्कम, दर काही मिनिटांनी वाढत जाते. सुरुवातीला १०० आणि २०० असलेले ब्लाइंड बघता बघता १,००० आणि २,००० होतात. २०,००० चिप्सवाला मग दहा ब्लाइंडांवर येतो, म्हणजे त्याच्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या दहापटच चिप्स असतात. नुसतं बसून राहिलं तरी चिप्स झिजतात. अशा वेळी ‘थोडं लावून बघू’ हा पर्याय जवळजवळ संपतो. एकतर पत्ते टाका, म्हणजे डाव सोडा, नाहीतर सगळं ढकला. पडद्यावर वेळेची पट्टी सरकत असते आणि विचाराला मिळतात पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात गणित होत नाही. ते आधी घरी बसून, कागदावर, पुन्हा पुन्हा करून ठेवावं लागतं.

भाच्याच्या वहीतला एक डाव इथे मांडते. ब्लाइंड १,००० आणि २,०००, शिवाय २,००० ची अँटी, म्हणजे ब्लाइंडखेरीज मध्ये पडणारी आणखी एक सक्तीची रक्कम. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले. स्मॉल ब्लाइंडवाल्याने (छोटा ब्लाइंड भरणाऱ्याने) त्याचे सगळे, म्हणजे एकूण २०,००० ढकलले. भाचा बिग ब्लाइंडवर, म्हणजे मोठा ब्लाइंड भरणारा. त्याचे २,००० आधीच आत गेलेले, हातात इस्पिकचा गुलाम आणि इस्पिकची दश्शी. आता बघा: मध्ये समोरच्याचे २०,०००, भाच्याचे स्वतःचे २,००० आणि अँटीचे २,००० असे २४,००० पडलेले आहेत. कॉल करायला १८,००० घालावे लागतील, मग सगळे मिळून ४२,००० होतील. १८ भागिले ४२, म्हणजे जवळपास ४३ टक्के. शंभरात ४३ वेळा जिंकता येत असेल तर कॉल तोट्यात नाही. डाव जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त हवी, ही समजूत इथेच गळून पडते.

पुढचा प्रश्न अवघड. समोरच्याकडे काय आहे? ते ओळखायला जायचंच नाही. काय काय असू शकतं आणि किती प्रकारे, ते मोजायचं. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येतात. एक्का-राजा सोळा प्रकारे येतो, एक्क्यांची जोडी फक्त सहा. दहा ब्लाइंडांवर आलेला आणि समोर एकच माणूस उरलेला खेळाडू एक्क्यांचीच वाट बघत बसत नाही. तो निम्म्या हातांनी तरी ढकलतो. समोर वरची जोडी असेल, समजा राण्यांची, तर गुलाम-दश्शी शंभरात वीसेक वेळाच जिंकते. एक्का-राजा असेल तर चाळीसच्या थोडं वर. चव्वीची जोडी असेल तर जवळपास निम्मी-निम्मी. सगळ्या शक्यता त्यांच्या त्यांच्या वजनाने एकत्र केल्या की आकडा पंचेचाळीसच्या आसपास येतो. हवे होते ४३. कॉल बरोबर.

समोरच्याने एक्का-पंजी उघडली. पाचही पानं पडली, गुलामही आला नाही, दश्शीही आली नाही. भाचा हरला. मी त्याच्या वहीत त्या डावापुढे लाल पेनाने बरोबरची खूण केली, तेव्हा त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या सूनबाईला, काही ते पटेना. हरला तो बरोबर कसा? वर्गात तीस-तीस वर्षं शिकवलेल्यांनाही या प्रश्नाचं उत्तर चटकन गळी उतरवता येत नाही. निर्णय घेताना हातात जी माहिती होती तिच्यावरच निर्णय तपासायचा असतो. पुढची पाच पानं त्याला दिसत नव्हती. ती त्याच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

ढकलणारा आणि कॉल करणारा यांच्यातला फरकही वाचकांनी लक्षात घ्यावा. ढकलणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात: बाकीचे पत्ते टाकतात, किंवा कुणी कॉल केला तर पानं लागतात. कॉल करणाऱ्याला दुसरा एकच. वरच्याच ब्लाइंडांना एकाने ब्लाइंडांच्या अलीकडच्या जागेवरून १६,००० ढकलले असं धरा. मध्ये ५,००० आहेत. शंभरात साठ वेळा दोघंही टाकतात, तेव्हा ते ५,००० फुकट मिळतात. सरासरीत ३,००० नफा. चाळीस वेळा बिग ब्लाइंडवाला कॉल करतो, मग पॉट, म्हणजे मध्ये जमलेला ढीग, ३५,००० चा होतो. त्यात याची जिंकण्याची शक्यता ३५ टक्केच धरली तर वाट्याला १२,२५० येतात, म्हणजे अशा प्रत्येक वेळी ३,७५० तोटा, सरासरीत १,५००. वजा करून १,५०० चिप्सचा फायदा उरतोच. त्याच ३५ टक्क्यांच्या पत्त्यांवर कॉल करणारा मात्र बुडतो. बघणाऱ्याला दोघंही सारखेच बेफिकीर दिसतात.

इथवरचं गणित चिप्सचं झालं. स्पर्धेचं खरं मर्म याच्या पुढे आहे आणि त्यासाठीच मी लिहायला बसले.

चार खेळाडू उरलेत. प्रत्येकाकडे १०,००० चिप्स. बक्षिसं तीन: पहिलं ५,००० रुपये, दुसरं ३,०००, तिसरं २,०००. चौथ्याला काही नाही. सगळे सारखे, म्हणून प्रत्येकाच्या जागेची आजची किंमत २,५०० रुपये. आता एकाने सगळे ढकलले, तुम्ही कॉल करून जिंकलात. चिप्स २०,००० झाल्या, दुप्पट. पैसेही दुप्पट, म्हणजे ५,००० झाले का? नाही. पहिलं बक्षीसच ५,००० चं आहे, आणि ते मिळायला अजून दोघांना हरवायचं आहे. अर्ध्या चिप्स तुमच्याकडे, म्हणून पहिलं येण्याची शक्यता निम्मी. दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं येण्याची एक षष्ठांश. गुणून बेरीज करा: २,५०० अधिक १,००० अधिक ३३३, एकूण ३,८३३ रुपये. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत मात्र दीडपटीपेक्षा थोडी जास्त. आणि हरलात तर शून्य.

मग कॉल करायला किती शक्यता हवी? २,५०० भागिले ३,८३३. ६५ टक्क्यांच्या किंचित वर! मघाशी ४३ पुरत होते, इथे ६५ लागतात. (हिशेब सोपा राहावा म्हणून ब्लाइंड सोडून दिलेत.) समोरच्याने पत्ते न बघता, कुठल्याही दोन पानांवर सगळं ढकललंय हे तुम्हाला पक्कं ठाऊक असलं, तरी इस्पिकचा एक्का आणि बदामची राणी टाकावी लागते, कारण ती अशा वेळी शंभरात चौसष्टच वेळा जिंकते. छक्कीची जोडी टाकायची, सत्तीच्या जोडीवर कॉल करायचा. हे मी पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा भाचा उसळून म्हणाला, “एक्का-राणी टाकायची? मावशी, काहीतरीच काय!” मग स्वतः पेन्सिल घेऊन बसला. चहा निवून गेला, पण उत्तर तेच आलं.

याहून विलक्षण गोष्ट उरलेल्या दोघांची. त्या दोघांनी पत्ते टाकले, काहीच केलं नाही. भांडणारे दोघे भिडले त्या क्षणी, कोणीही जिंको, त्या दोघांची प्रत्येकी किंमत २,५०० वरून ३,०८३ झाली. भिडणाऱ्यांनी निम्म्या-निम्म्या शक्यतेवर झुंज घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १,९१७ येतात. म्हणजे दोघांनीही आपापले ५८३ रुपये बाजूला बसलेल्यांना देऊन टाकले. ‘मी घाबरत नाही’ हे दाखवण्याची ही किंमत असते, आणि ती रुपयापर्यंत मोजता येते.

हे गणित कुणा अ‍ॅपवाल्याने शोधलेलं नाही. अर्धवट थांबलेल्या खेळातली रक्कम दोन खेळाडूंत कशी वाटावी, या प्रश्नावर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यताशास्त्राचा पाया त्यात घातला गेला. घोड्यांच्या शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल याचं सूत्र डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं. वरच्या उदाहरणात मी तेच वापरलं आहे. १९८० च्या दशकात मेसन माल्मुथ यांनी ते पोकरच्या स्पर्धांना लावलं.

माझ्या दिरांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. माल तयार झाला की व्यापारी बागेवर येऊन भाव सांगतो. थांबलं तर भाव चढू शकतो, आणि एका रात्रीत पाऊस येऊन मणी तडकूही शकतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाड-चांदवडकडे गारपिटीने काय केलं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो थांबू शकतो. ज्याचा हप्ता थकलाय त्याला चढ्या भावाने मिळणाऱ्या जादा पैशांपेक्षा बाग हातची जाण्याची किंमत कितीतरी मोठी असते. भाव चढण्याची शक्यता दोघांना सारखीच असली तरी दोघांचे निर्णय वेगळे आणि दोन्ही बरोबर. दिरांना हे सूत्राशिवाय कळतं. चौघांचं उदाहरण सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, “बरोबर आहे, वहिनी. राहिलेल्याला पुढचा हंगाम मिळतो.” आपल्या शहरातल्या शिकलेल्या मुलांना मात्र ते शिकवावं लागतं.

आता मर्यादा कशी मोडते ते. प्रत्येक वेळी शंभरात ऐंशी शक्यता आपल्या बाजूने असताना ऑल-इन गेलो आणि असं पाच वेळा व्हायचं असेल, तर पाचही वेळा टिकण्याची शक्यता ३३ टक्केच उरते. ०.८ चा पाचवा घात, कॅल्क्युलेटरवर करून बघा. म्हणजे उत्तम खेळणाराही तीनांतल्या दोनदा मध्येच बाद होतो. बाद झाल्यावर काय होतं? पडद्यावर एक बटण येतं: री-एंट्री. पुन्हा ५५० रुपये, पुन्हा २०,००० चिप्स. नुकताच अन्याय झाल्यासारखं वाटत असतं, अंगठा बटणावर असतो आणि तिथे वेळेची पट्टी थांबवत नाही, समोरचा खेळाडू थांबवत नाही, कुठलंही गणित समोर येत नाही. साऱ्या स्पर्धेतला सर्वांत अवघड निर्णय हा होता. वाचकांनी ज्याला द्यूत म्हटलं ते इथे घडतं, ऑल-इनच्या क्षणी नाही. चिप्सची हद्द आखलेली होती. खिशाची कुणी आखली नव्हती.

शिवाय प्रत्येक प्रवेशात चालवणाऱ्याचा वाटा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात. एवढा भार सोसून नफ्यात राहायला कौशल्य किती लागेल! भाच्याने महिन्याची रक्कम ठरवून कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती आणि री-एंट्री घ्यायची नाही असा नियम केला होता. तो त्याने पाळला. त्याच्या कारखान्यातल्या काहींनी पाळला नाही. त्यांपैकी एकाने पतपेढीचं कर्ज काढलं. तो मुलगा डाव वाईट खेळत नव्हता. बाद झाल्यावर काय करायचं याचा विचार त्याने कधी केलाच नव्हता, आणि कुणी त्याला करायलाही लावला नाही.

म्हणून २०२५ च्या कायद्याला माझा विरोध नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्याने, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद बाजूला ठेवून, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे मला योग्य वाटतं. क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये नामवंत चेहरे येऊन मुलांना पैसे लावायला सांगत होते ते थांबलं, याचं समाधान आहे. माझं म्हणणं एवढंच की पैसा गेला म्हणून त्यातलं गणितही जुगार ठरवून फेकून देऊ नये. पैसे न लावता खेळायला कायद्याची आडकाठी नाही. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ हा आकडा शोधला तो चार अंक उलटसुलट मांडून वजाबाकी करता करता. त्यात पैसा कुठे होता? ज्या जिल्ह्यात ते घडलं तिथल्या मुलांना पास्कलचा प्रश्न रंगीत बटणांनी खेळून शिकवता यायला हरकत नसावी. चिप्स म्हणून शिवणकामाची बटणं चालतात. आमच्या सोसायटीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांसोबत मी तसंच करते: प्रत्येक ऑल-इनच्या आधी आकडा लिहायचा, मगच पानं उघडायची. डाव कोण जिंकलं याला गुण नाहीत. लिहिलेल्या आकड्याला आहेत.

आपल्याकडे दोन विनंत्या. नाशिकमधल्या महाविद्यालयांच्या संख्याशास्त्र विभागांनी असा उपक्रम घ्यावा यासाठी आपण लिहावं. आणि रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाच्या कोड्याशेजारी अशा निर्णयाचं एक कोडं छापावं. उदाहरणं मी विनामोबदला तयार करून देईन. पहिलं सोबतच पाठवते:

स्पर्धेत अकरा जण उरले आहेत. बक्षिसं दहा आणि सगळी अगदी सारखी. तुम्ही चिप्समध्ये दुसऱ्या क्रमांकावर आहात. एका खेळाडूकडे एकच ब्लाइंड उरला आहे आणि पुढच्याच डावात तो त्याला भरावा लागणार आहे. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने सगळे ढकलले. बाकीच्यांनी पत्ते टाकले. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आहे. कॉल कराल की टाकाल? उत्तर कारणासह, पाच ओळींत.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (संख्याशास्त्र)
गंगापूर रोड, नाशिक